सात वर्षांची अट

मीटरकाकांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जिन्याखाली मान वाकडी करून आकडे टिपले. वीज कंपनीत मीटर वाचायची नोकरी, म्हणून अख्खी वस्ती त्यांना मीटरकाका म्हणायची. कुणाकडे पाहुणे मुक्कामाला आलेत, कुणाचं दुकान बसत चाललंय, सगळं त्यांना आकड्यांवरून कळायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मात्र त्यांच्याच घरात होता. एकुलता एक मुलगा भांडून निघून गेला, त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि काका त्याचा विषयसुद्धा काढू देत नव्हते.

घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. काकूंचे गुडघे कामातून गेलेले. आधी बाजार सुटला, मग खालच्या शेजारणीकडे जाऊन बसणं सुटलं. वर्षभरात त्या तीनदाच खाली उतरल्या, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी, आणि वर येताना प्रत्येक मजल्यावर पायरीवरच बसल्या.

"अहो, मी आता आडवीच खाली जायची का?" त्या एकदा हसत म्हणाल्या. काकांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घर विकायला काढलं.

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. शाळेत शिकवणारी एक बाई आणि तिचा नवरा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, "किती उजेड आहे हो इथे," आणि काकूंना ती तिथेच आवडून गेली. काकांनी तळमजल्यावरच्या दोन खोल्याही हेरून ठेवल्या होत्या. बोलणी झाली, इसार घेतला, आणि घराचे कागद घेऊन काका वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाईंनी पहिलंच पान उलटलं आणि चष्मा वर केला. "काका, घर दोघांच्या नावावर आहे. तुमच्या आणि मुलाच्या."

"हो. त्याला नुकतीच नोकरी लागली होती. दोघांचे पगार दाखवले, म्हणून कर्ज मिळालं."

"मग विकताना त्याचीही सही लागणार. इथे नसेल तर जिथे असेल तिथून मुखत्यारपत्र करून पाठवू दे."

"कुठे आहे ते माहीत नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काकांनीच विचारलं, "माझा अर्धा हिस्सा विकला तर?"

"विकता येईल. पण घेणार कोण? स्वयंपाकघर एकाचं आणि न्हाणीघर दुसऱ्याचं, असा संसार होतो का कुठे?" मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "एक वाट आहे. सलग सात वर्षं त्याची कुणालाच काही खबर नसेल, तर तो हयात नाही असं कोर्टाकडून ठरवून घेता येतं. मग त्याचा हिस्सा वारसांकडे येतो. तुमच्या दोघांच्या शपथेवर सह्या लागतील."

हे काकूंना सांगताना काकांच्या नाकी नऊ आले.

"म्हणजे मी माझ्या बारक्याला मारायचा?" काकूंनी विचारलं. बारक्या हे त्याचं घरातलं नाव. सहा फूट उंच झाला तरी तो बारक्याच राहिला होता.

"कागदावरची गोष्ट आहे गं ती."

"कागदावर जन्माला घातला होता का त्याला?"

पंधरा दिवस त्या हटून बसल्या. मग एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं, जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. हाड वाचलं. पण परत आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कुठे सही करायची ते सांगा."

काकूंना उतरवत नाही म्हणून वकीलबाई स्वतः जिने चढून आल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागद पसरला आणि सावकाश वाचून दाखवला. मुलगा कोणत्या तारखेला गेला, पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंद कधी केली, आणि शेवटी, 'तेव्हापासून आजतागायत त्याचा फोन, पत्र वा निरोप आम्हांस आलेला नाही.'

"बरोबर आहे ना सगळं? शपथेवरचं आहे, म्हणून विचारते."

काकूंनी मान हलवली आणि पेन उचललं. त्यांचा हात कागदावर टेकला. त्या पहिलं अक्षर काढणार, तोच काका म्हणाले, "थांब. सही करू नकोस."

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या.

"फोन आला होता. चार वर्षांपूर्वी."

काकूंच्या हातातून पेन सुटलं. पण चेहरा असा उजळला, की काकांना तो बघवेना. "बारक्याचा? कुठून? काय म्हणाला? जेवतोखातो ना नीट? आवाज कसा होता हो?"

"नुसतं 'बाबा' म्हणाला."

"आणि तुम्ही?"

काकांनी टेबलाच्या कडेवर अंगठा घासला. "मी कामावर होतो. एका जिन्याखाली. मी म्हटलं, राँग नंबर. आणि ठेवून दिला."

काका सांगत राहिले, आता थांबता येईना म्हणून. पाच मिनिटांत तो पुन्हा करेल असं वाटलं होतं. त्या दिवशी आकडे चुकले, साहेबांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्या नंबरावर फोन लावला, तर तो दूरच्या एका गावातल्या बसथांब्याजवळच्या दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला, इथून दिवसभर माणसं फोन करतात, कुणाकुणाचं लक्षात ठेवू?

"चार वर्षं," काकू म्हणाल्या. "चार वर्षं माझ्या हातचं जेवलात, आणि हे पोटात ठेवलंत."

वकीलबाईंनी कागदाची घडी घातली. फोनच्या दिवसापासून सात वर्षं मोजावी लागतील, म्हणजे अजून तीन, एवढंच त्या दारात हळूच बोलल्या. इसार परत गेला. शाळेतली बाई स्वतः तो घ्यायला आली आणि काकूंचा हात धरून थोडा वेळ बसली.

आठवडाभर काकू काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला त्या दुकानात न्या."

पुन्हा खुर्ची, पुन्हा शेजारी. सहा तासांचा बसचा प्रवास. दुकान होतं, दुकानदार मात्र बदललेला. काकूंनी त्याला पिशवीतून फोटो काढून दाखवला. त्यानं मनापासून निरखला आणि मान हलवली. "आजी, मी आलो दोन वर्षांपूर्वी. हा चेहरा नाही बघितला."

थांब्यावर सिमेंटचा बाक होता. काकू तिथे बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक बसमधून उतरणारी माणसं बघत राहिल्या. काका पाण्याची बाटली घेऊन शेजारी. दुपार कलली तेव्हा ते म्हणाले, "शेवटची गाडी आहे, निघायला हवं."

"माझं चुकलं," असंही म्हणाले, पण तेवढ्यात एक बस घरघरत आली, आणि काकूंनी ते ऐकलं की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

त्यानंतर काकूंनी जिना उतरायचं नाव काढलं नाही. रागावल्या असंही नाही. जेवायला वाढत, औषधं मागत, पेपर मोठ्यानं वाचून घेत. फक्त पूर्वीसारखी थट्टा करेनाशा झाल्या. दोन वर्षांनी, हिवाळ्यात, झोपेतच गेल्या. त्यांनी हसत म्हटलं होतं तसंच त्यांना खाली न्यावं लागलं, आणि काका पुढच्या बाजूला होते.

पुढच्या वर्षी वकीलबाईंचा फोन आला. "काका, सात वर्षं पूर्ण झाली. आता अर्ज करता येईल."

काका दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात गेले. म्हणाले, "अर्ज नको. मृत्युपत्र करायचंय. माझा अर्धा हिस्सा मुलाच्या नावे लिहा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "पण काका, तो सापडलाच नाही तर?"

"कोर्टानं त्याला गेलेला ठरवलंय का?"

"नाही. अर्जच केला नाही आपण."

"मग लिहा."

त्यांनी लिहायला घेतलं. नाव, वय, नातं. पत्त्याच्या ओळीशी येऊन त्या थांबल्या आणि विचारलं, "पत्ता काय घालू?"

काकांनी चौथ्या मजल्याचा पत्ता सांगितला.