जावक तोंडावर

चपला हातात घेऊन, पोट आत ओढून मी पाळणाघराच्या दाराकडे सरकत होतो आणि नेमका रबरी बदकावर पाय पडला. बदक ओरडलं. माझी दहा महिन्यांची मुलगी वळली, तिने माझ्या हातातल्या चपला पाहिल्या आणि बदकाच्या वरचा सूर लावला.

"जावक तोंडावर करायची," आतून मॅडम म्हणाल्या. "चोरासारखी नाही. इकडे या. तिला सांगा, बाबा चालला, संध्याकाळी येणार."

मी सांगितलं. ती आणखीच रडली.

"झालं. आता निघा."

धायरीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर भाड्याच्या जागेत त्यांचं पाळणाघर होतं. शेतं जाऊन इमारती उभ्या राहत होत्या आणि घरटी एक माणूस सॉफ्टवेअरमध्ये होतं. आमच्या घरातलं ते माणूस म्हणजे बायको. मी आपला बँकेत. मॅडम एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, नोकरी त्यांना सोडते, ती नोकरीला सोडत नाहीत. मूल आलं की आवक, आईबाप निघाले की जावक. "माझ्या टेबलावरून साधा कागद न सांगता हलला नाही," त्या म्हणत, "इथे तर अख्खी आई हलतेय."

टीव्हीवर बुद्धाची छोटी मूर्ती, टीव्हीत दिवसभर मालिका, समोर सतरंजीवर पाच-सहा पोरं. मालिकेतल्या सासवांना त्या पोरांच्या साक्षीने मनसोक्त शिव्या घालत. त्यांना 'मावशी' म्हटलेलं चालत नसे. ऑफिसात साहेबसुद्धा मॅडम म्हणायचे, हे त्या लगेच ऐकवत.

आमची मुलगी पहिला शब्द बोलली तो 'मम'. मी म्हटलं, भूक लागली असेल. बायको म्हणाली, ममी म्हणतेय. मॅडमना विचारलं, तर त्यांनी मालिकेवरची नजरही न हलवता सांगितलं, "मॅडम."

बायकोला ते लागलं. त्यात संध्याकाळी न्यायला गेलं की मुलगी मॅडमच्या पदराला लटकून भोकाड पसरायची. एकदा बायको तिथेच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, ही माझी राहिलीच नाही.

"सकाळी तुमच्यासाठी रडते, संध्याकाळी माझ्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "दोन्हीकडे माणसं आहेत तिची. तुमचं काय कमी झालं?"

बायकोने मुलीला त्यांच्या पदरापासून सोडवून उचललं. घरी आल्यावर मात्र म्हणाली, बाई आगाऊ आहे.

सकाळच्या त्या रडक्या समूहगायनाचा सोसायटीतल्या पेन्शनरांना त्रास होई. पेपर वाचता येत नाही, अशी तक्रार गेली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. अध्यक्ष तसे सज्जन गृहस्थ. त्यांनी तोडगा काढला: इतर पाळणाघरांत मुलाला खेळणं दाखवतात आणि आईबाप मागच्या मागे सटकतात. रडारड नाही, काही नाही. आपणही तसंच करावं.

"म्हणजे फसवायचं," मॅडम म्हणाल्या.

"अहो, एवढ्याशा जिवाला काय कळतंय?"

"कळत नसतं तर रडलं असतं का?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि मग जरा कडक आवाजात म्हणाले, पद्धत बदला, नाहीतर पाळणाघर बंद करा. मॅडमच्या बाजूने दोन शब्द बोलावेत म्हणून मी हात वर केला. तो अध्यक्षांनी अनुमोदन म्हणून मोजला. मी तोंड उघडेपर्यंत मॅडम उठल्या होत्या.

"बंद करते," त्या म्हणाल्या. "पण पोरांना फसवणार नाही." आणि आपली खुर्ची स्वतः घडी करून भिंतीला लावून निघून गेल्या.

आम्ही आईबाप समजूत घालायला गेलो. उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी एकेका पोराला मांडीवर घेतलं आणि तोंडावर सांगितलं की मी आता इथे नसेन. पोरं रडली. मॅडमही रडल्या. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "जा, सांगा अध्यक्षांना." मग मॅडम जुन्या पुण्यात, कसब्यात बहिणीकडे राहायला गेल्या.

मुलीला आम्ही सिंहगड रोडवरच्या एका चकचकीत पाळणाघरात घातलं. भिंतीवर हत्ती, जिराफ. तिथल्या ताई तिच्या हातात खेळणं देत आणि आम्हाला डोळ्यांनीच खुणावत, पळा. पहिल्या आठवड्यात आम्ही सटकलो की मागून तिचा आवाज यायचा, पार रस्त्यापर्यंत. मग एका सकाळी तो आलाच नाही. मी काचेतून डोकावून पाहिलं. ती खेळणं मांडीवर घेऊन बसली होती, खेळत नव्हती. दाराकडे पाहतही नव्हती.

मी खुशीत स्कूटरला किक मारली. बायकोला म्हटलं, बघ, किती लवकर शहाणी झाली.

बायको मागच्या सीटवर मान वळवून त्या काचेकडे बघत होती. पुढच्या सिग्नलला तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वळवा गाडी," ती म्हणाली. "तिला घेऊ आणि कसब्यात मॅडमकडे जाऊ, हिला सांभाळाल का विचारू. रोज तेवढं लांब जावं लागलं तरी चालेल. मला रडणारी मुलगी हवी आहे."