चार बोटं खाली

सात मजली इमारतीतली ती जुनी लिफ्ट बटणांवर चालत नसे, कप्तानांवर चालत असे. पितळी हँडल डावीकडे नेलं की वर, उजवीकडे नेलं की खाली आणि मधोमध आणलं की थांब. ऐकायला किती सोपं! पण मधोमध नेमकं कधी आणायचं, तिथेच खरी मेख होती. वर जाताना डोळ्याची पापणी लवण्याएवढी घाई झाली तरी लिफ्ट मजल्याच्या खाली लोंबकळणार, उशीर झाला तर वर डोकावणार. कप्तानांची लिफ्ट मात्र एकतीस वर्षं मजल्याशी अशी सपाट थांबत आली होती की तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांची फायलींची ढकलगाडी कुठे खट्‌ही न करता आत यायची.

"बाहेर पडताना माणूस पायाखाली बघत नाही ना," कप्तान म्हणायचे, "त्याचाच मला पगार मिळतो."

त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. टोपी नाही, मिशा नाहीत, समुद्र तर आयुष्यात पाहिला नव्हता. पण कोणीतरी कधीतरी कप्तान म्हटलं आणि ते अंगाला शिवल्यासारखं बसलं.

रक्तातली साखर बारा वर्षांची सोबतीण होती, तिच्या रुसव्याफुगव्यांची सवय झाली होती. गेल्या वर्षी मात्र पावलं सुजायला लागली. बुटाच्या नाड्या आधी सैल झाल्या, मग सुटल्या, मग बूट जाऊन चपला आल्या. आणि दिवसभर दुनियेला सातव्या मजल्यावर पोचवणाऱ्या या माणसाला इमारतीच्या दारातल्या सहा पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागू लागलं. तिसऱ्या पायरीवर ते उगाच घड्याळात बघायचे. घड्याळ बंद होतं.

"काटे हलत नाहीत त्यात काय बघता एवढं?" बायकोने एकदा पकडलंच. "चला हॉस्पिटलात. आज. आत्ता."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला घाई नव्हती त्यांना. हृदयाचा पंप थकलाय म्हणाल्या आणि सूज उतरवणाऱ्या जुन्या पाण्याच्या गोळीच्या जोडीला एक नवी गोळी लिहून दिली.

"ही साखरेची की हृदयाची?" कप्तानांनी विचारलं.

"दोन्हीला कामी येते. जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढते, तिच्यामागे थोडं पाणीही जातं. हृदयावरचा भार हलका होतो."

"आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा शिरला की मी त्याला उतरवतो, तसंच ना?"

"अगदी तसंच!" डॉक्टरबाईंना ते फार आवडलं. "फक्त हा नववा पुन्हा पुन्हा उतरायला मागेल हं. सुरुवातीला तरी. अंगाची स्वच्छता ठेवा. पाणी दिवसाला दीड लिटर, त्याच्या फार वर नाही आणि फार खालीही नाही. चक्कर आली, उलट्या झाल्या, जेवण जाईनासं झालं तर लगेच मला कळवायचं. मनाने काही करायचं नाही."

"ते मनानेच करतात सगळं," बायको म्हणाली.

औषधाच्या खिडकीपाशी बाकावर त्याच गोळीची दोन जुनी गिऱ्हाइकं बसली होती. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, दुसऱ्या बेकरीवाल्या काकू. कप्तानांच्या हातातली चिठ्ठी मास्तरांनी मान वाकडी करून वाचली.

"या, या, आमच्या मंडळात! दोन महिने झाले मला. या शहरातला प्रत्येक संडास मी डोळे मिटून काढून दाखवीन. नकाशाच केलाय, रंगवून."

"मास्तर, घाबरवू नका हो नव्या माणसाला," काकू म्हणाल्या. मग कप्तानांच्या बायकोकडे सरकून हळूच, "मला खाली खाज सुटली होती हो. लाजून आठ दिवस गप्प बसले. शेवटी सांगितलं, तर चार दिवसांच्या मलमाने गेली. आठ दिवस फुकट जळले मी. बाकी म्हणाल तर, पूर्वी पिठाचं पोतं नुसतं बघूनच धाप लागायची. आता भट्टीपाशी उभी राहते."

"आणि वारंवार जावं लागतं त्याचं काय?" कप्तानांनी न राहवून विचारलं.

"जायचं," काकू म्हणाल्या. "दुसरं काय करायचं असतं?"

काकूंना काय जातंय म्हणायला, कप्तान मनात म्हणाले. त्यांची भट्टी काही पळून जात नाही.

कारण कप्तानांची लिफ्ट पळून जाणार होती. इमारतीच्या व्यवस्थापकसाहेबांनी पंधरा दिवसांपूर्वीच कानावर घातलं होतं: महिनाअखेरीस मालकांची बैठक, विषय एकच, हँडल काढून बटणं बसवायची का. "लोक म्हणतात, कप्तान, बटण कधी जागेवरून उठत नाही." साहेबांनी सहज म्हटलं होतं. कप्तानांच्या मनात मात्र ते काट्यासारखं रुतून बसलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. एकतीस वर्षांत कामाच्या वेळात लिफ्ट कधी मोकळी उभी राहिली नव्हती. जेवणही ते स्टुलावर बसूनच उरकत. आता ऐन महिन्यात दर तासाला जाळी ओढून पहिल्या मजल्यावरच्या मागच्या संडासाकडे पळायचं? बैठकीत बटणवाल्यांना आयतं कोलीत मिळालं असतं.

घरी बायकोने दीड लिटरची बाटली घेतली आणि लाल नेलपॉलिशने तिच्यावर सात रेघा मारल्या.

"हे बघा, सात मजले. तुमच्या भाषेत सांगते. सकाळी सातव्यावरून निघायचं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत तळाला. मध्ये कुठे अडकायचं नाही."

"आणि ओव्हरलोड झालं तर?"

"तर उतरायचं! लाज कसली त्यात?"

पहिले दोन दिवस कप्तानांनी इमाने इतबारे मजले उतरवले आणि त्यांची जी काही त्रेधा उडाली ती त्यांनी कोणालाच सांगितली नाही. एकदा तर पाचव्या मजल्याची घंटा वाजत असताना ते लिफ्ट घेऊन थेट पहिल्यावर गेले आणि "तपासणी चालू आहे" असं ओरडून पळाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा तोडगा काढला. गोळी सोडायची नाही, ते पाप नको. गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर दिवसभर पाणीच प्यायचं नाही. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कशाला? ज्याने आयुष्यभर माणसं मोजून आत घेतली, त्याला हा हिशेब अगदी चोख वाटला.

राहिला प्रश्न बाटलीचा. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी कुंडीत एक रुंद पानांचं झाड होतं. संध्याकाळी पाच वाजता बाटली तिच्यात रिकामी व्हायची.

"आज कितव्या मजल्यावर?" घरी बायको विचारायची.

"तळाला!" रिकामी बाटली दाखवत कप्तान म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं.

गंमत म्हणजे गोळी आपलं काम करत होती. पायाची सूज ओसरू लागली, चपलेचा पट्टा एक भोक आत गेला. पण जीभ टाळूला चिकटायची. दुपारी स्टुलावरून उठलं की डोळ्यांपुढे जाळीचा दरवाजा दुहेरी दिसायचा. कप्तान हँडल घट्ट धरून उभे राहायचे आणि चेहऱ्यावर काहीतरी महत्त्वाचं आठवतंय असा भाव आणायचे.

आठव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, तिसऱ्या मजल्यावर उतरायला टायपिस्टबाई निघाल्या. वकिलांच्या ऑफिसात वीस वर्षं टायपिंग करणाऱ्या, अक्षराअक्षराच्या पक्क्या. बाई नेहमीसारख्या खाली न बघता निघाल्या आणि बुटाचं टोक मजल्याच्या कडेला आपटून धाडकन गुडघ्यावर आल्या. हातातले कागद जिन्यापर्यंत उडाले.

कप्तान कागद वेचायचे सोडून खालीच बघत राहिले. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबली होती.

"बाई, लागलं?"

"मला नाही लागलं. तुम्हाला काय झालंय?" बाईंनी गुडघा झटकला. "ओठ बघा कसे फुटलेत. पाणी प्या आधी."

"प्यायलो."

"केव्हा?"

"आत्ताच."

बाईंनी स्टुलाखालची बाटली उचलून नाकासमोर धरली. काठोकाठ भरलेली. लाल रेघा साती शाबूत.

"अस्सं. आणि खालच्या झाडाची मुळं का कुजताहेत, ते तुम्ही सांगता का मी सांगू? चार-पाच दिवस बघतेय, ताटलीतून पाणी वाहतंय. मला वाटलं सफाईवाले लाड करताहेत."

मग कप्तान स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. गोळी, नववा माणूस, बैठक, बटणं. बोलता बोलता पाचव्याची घंटा दोनदा वाजली, दोघांनीही ऐकली नाही.

"आता तक्रारवहीत लिहाल तुम्ही," शेवटी ते म्हणाले. "लिहायलाच पाहिजे. चार बोटं म्हणजे थोडं नाही."

"लिहिणारच," बाई म्हणाल्या. "पण आधी हा एक मजला प्या बघू. माझ्यासमोर."

बाईंनी वहीत लिहिलं नाही, टाइप केलं. तीन प्रतींत. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकसाहेब तो कागद हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि मोठ्याने वाचू लागले:

"'विषय: लिफ्ट चार बोटं खाली थांबल्याबाबत. कारण: लिफ्टचालकास लघुशंकेस जाण्यास सवड नसल्याने त्यांनी पाणी पिणे बंद केले आहे.' कप्तान, हे काय आहे?"

कप्तानांचे कान पेटले. त्यांना लिफ्ट कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये कायमची थांबवावीशी वाटली.

"'उपाय: अकरा, एक आणि चार वाजता प्रत्येकी पाच मिनिटे खाली सही करणारी व्यक्ती लिफ्ट चालवील. प्रशिक्षण कप्तान देतील.' आणि खाली सातही मजल्यांच्या सह्या! माझ्या स्वतःच्या कारकुनाची सही आहे यात!" साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि आवाज खाली आणला. "अहो, मला सांगायचं ना सरळ. मी बटणाचं बोललो म्हणून तुम्ही पाणी सोडलंत?"

"बटण जागेवरून उठत नाही म्हणालात, साहेब."

दुसऱ्या मजल्यावर साहेबांचं काम होतं, ते सातव्यापर्यंत तसेच गेले आणि तसेच खाली आले.

डॉक्टरबाई रागावल्या, पण मोजून. रक्त तपासलं, रक्तदाब बसवून घेतला, उभं करून घेतला. "गोळीने काम केलं, तुम्ही मात्र तिच्याशी भांडलात," त्या म्हणाल्या. नवी गोळी चालू ठेवली आणि सूज उतरल्यामुळे जुनी पाण्याची गोळी अर्धी केली. घरी आल्यावर बायकोने बाटलीवरच्या रेघांशेजारी वेळा लिहिल्या आणि म्हणाली, "झाडाला मी वेगळं पाणी पाठवीन. हे तुमचं."

लिफ्टची शिकवणी मात्र गाजली. कप्तान गुरू म्हणून फार कडक निघाले.

"बाई, हँडल आहे ते, टाइपरायटरची कळ नाही! असं ठोकू नका."

"मग कसं?"

"मजला येताना दिसला की मनात म्हणायचं, 'आलोच.' आणि 'च'वर मधोमध आणायचं."

"भरलेली असली तर?"

"तर 'आलो' आणि थोडं थांबून 'च'. जड लिफ्टला उशिरा कळतं. माणसासारखंच."

पहिल्या दिवशी आठ बोटं. मग सहा. एकदा वर पाच, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी आतून उडी मारली आणि ते तडक निघून गेले.

महिनाअखेरीची बैठक झाली. साहेबांनी येऊन निरोप दिला तो असा: बटणं येणार, पण कप्तान निवृत्त झाल्यावर. तोवर हँडल राहणार. "बैठकीत कोणीतरी विचारलं, लिफ्ट मोकळी उभी असते का. मी म्हटलं, नाही. एकतीस वर्षांत एक मिनिट नाही."

त्या दिवशी चार वाजता कप्तान जाळीबाहेर पडले, बाईंनी हँडल धरलं. दोन मिनिटांनी ते पहिल्या मजल्याच्या मागच्या बाजूने हात पुसत आले तेव्हा लिफ्ट वर निघून गेली होती. उभं राहून वाट बघायची त्यांना सवय नव्हती. समोर जिना होता. पायात, कित्येक महिन्यांनी, नाड्या बांधलेले बूट होते.

ते चढू लागले. सहाव्या पायरीवर घड्याळाकडे बघायची आठवण झाली आणि लक्षात आलं, गरजच नाही. दहावी, बारावी. श्वास होता, फक्त जरा मोठा झाला होता. जाळीपलीकडून त्यांची स्वतःची लिफ्ट माणसांनी भरलेली खाली येताना दिसली. बाहेरून ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. केवढी देखणी होती!

"कप्तान! चढताय कुठे? थांबा, आलेच!" आतून बाई ओरडल्या.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. जाळी उघडली. कप्तान आत शिरायच्या आधी गुडघ्यावर टेकले आणि त्यांनी कडेला बोट लावून पाहिलं. आतली सात माणसं माना वाकवून निकालाची वाट बघत होती.

"एक बोट," कप्तान म्हणाले.

"वर की खाली?"

"ते सोडा," त्यांनी आत पाय टाकला, नेहमीच्या स्टुलाकडे न जाता इतरांसारखे कोपऱ्यात उभे राहिले आणि बाटलीचं झाकण उघडलं. "माझी दोन मिनिटं उरलीत अजून. चला बाई, तळमजला."