ओव्याचा अहवाल

वडिलांच्या पोटदुखीवर आमच्या उंब्रजच्या घरात एकच औषध असे: ओवा, सुंठ, हिंग आणि सैंधव यांचे चूर्ण. आई ते कुटायची. वडील फौजेतून आणलेल्या डबीत भरून ठेवायचे. जेवणानंतर चिमूटभर, वर कोमट पाणी.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी ती डबी सांगलीच्या प्रयोगशाळेत नेली. ओव्यातल्या थायमॉलची रेघ आलेखावर सुळक्यासारखी उभी राहिली. निष्कर्षात मी लिहिले, ‘घटक शुद्ध, भेसळ आढळली नाही.’ खाली सही केली आणि एक प्रत वडिलांना दिली. त्यांना माझा अभिमान वाटावा, एवढाच हेतू होता. तो साधला.

दिवाळीत घरी गेले, तेव्हा दुखणे वाढले होते. आई म्हणाली, “आवं, डॉक्टर दुर्बीण घालून बघा म्हणालेत. पोरगी हाय तवर जाऊन या की.”

“दुर्बीण कशाला? लेकीनं मशिनीत घालून बघितलंय. समदं शुद्ध हाय.”

“मशिनीत ओवा घातला व्हता. तुमास्नी न्हाई.”

आम्ही तिघेही हसलो. नमुनाच चुकीचा आहे, हा आक्षेप माझ्या परीक्षकांनी घेतला असता तर मी हसले नसते. त्याच दिवशी वडिलांच्या पट्ट्याला दाभणाने पाडलेले नवे भोक मला दिसले. “बारीक झालात,” एवढे म्हणून मी पीएचडीचा अर्ज भरायला बसले.

उन्हाळ्यात त्यांना सांगलीला आणले. जठरातली गाठ तोवर यकृतापर्यंत पोहोचली होती. डॉक्टरांनी विचारले, “इतके महिने काय घेत होतात?”

वडिलांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला माझा अहवाल काढला. “हे. लेकीनंच तपासलंय. खाली सही हाय तिची.”

डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला. एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्याच घड्यांवर दुमडून वडिलांच्या हातात परत दिला.

शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. आम्ही त्यांना घरी आणले. शेवटच्या आठवड्यात पाणीही उतरत नव्हते, तरी त्यांचा हात डबीकडे गेला.

“चालतंय न्हवं, बाळ?”

मी त्यांच्या जिभेवर चार कण ठेवले.

“चालतंय, आबा.”