बावन्न दात्यांचं चक्र

माझ्या भावाने लग्नाच्या मुलीही जितक्या बारकाईने पाहिल्या नसतील, तितक्या बारकाईने त्याने सायकलचं चक्र पाहिलं. पेडलजवळचं ते दातेरी चक्र. दाते जितके जास्त तितकी सायकल एका पेडलमध्ये लांब पळते, पण पायाला तितकीच जड जाते. एवढं ज्ञान मला त्याच्यामुळेच आहे. तो जेवतानासुद्धा दातेच मोजायचा, आणि ते भाकरी चावायचे नव्हेत.

सायकल आमच्या वडिलांची. ते कापसाच्या हंगामात गावोगाव वजनाला जायचे. मागे काटा आणि मापं बांधलेली, म्हणून त्यांनी चक्र मुद्दाम लहान बसवलेलं, चव्वेचाळीस दात्यांचं. भाऊ त्याला बैलगाडी म्हणायचा. माझं लग्न झालं त्याच वर्षी माघात वडील गेले आणि सायकल भावाकडे आली. धुळ्याला सायकलींची शर्यत लागणार असं त्याने ऐकलं, आणि तिथूनच तो बावन्न दात्यांचं चकचकीत चक्र घेऊन आला. एरंडोलच्या सायकलवाल्या आबांनी ते बसवलं खरं, पण विचारलंच, "सपाटीवर ठीक शे. चढ ऊना म्हंजे काय करशी?"

भाऊ म्हणे हसला फक्त. शर्यत सपाट रस्त्यावर होती. पण माझं सासर पद्मालयाच्या डोंगरापलीकडे आहे, हे तो विसरला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे या सणाला भाऊ लेकीबाळींना माहेरी न्यायला येतो, आणि घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोरीचा नैवेद्य दाखवायचा, सगळं दुपारच्या आत. त्या वर्षी वडिलांची पहिली घागर होती. मला बाकी झोका नको होता, आमरस नको होता. ती घागर भरताना मला तिथे असायचं होतं. वडिलांच्या बाराव्याला गेले होते तेव्हा मी रडलेही नव्हते नीट, सासरची माणसं बरोबर होती.

भाऊ सकाळीच आला. नवऱ्या मुलासारखी सायकल पुसलेली.

"मांगे बठ, घडीभरमा पोचाडस," तो म्हणाला.

सपाटीवर खरोखरच आम्ही वाऱ्यासारखे गेलो. मग चढ लागला. चार पेडल, पाचवं अर्धं, आणि सायकल एखाद्या रुसलेल्या जावयासारखी जागीच थांबली. मी उतरले. तो एकटाही चढवू शकेना, तोही उतरला. वर वैशाखाचं ऊन, एका हातात माझं गाठोडं, दुसऱ्याने ते बावन्न दाते ढकलतोय. मी पुढे आणि शर्यतीचा गडी मागे.

"भाऊ, तू रेसले जास का माले लेवाले येस?" मी विचारलं. तो सायकल ढकलतच राहिला, तशी मला चिडवायची आणखी उकळी फुटली. खरं म्हणजे सूर्य डोक्यावर येत होता आणि मला रडू येत होतं. "पुढे बैलगाडीच लई ये. बैलले चक्कर बदलनं पडत नही."

घरी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. भाऊबंद पुटपुटत उठून गेले होते. घागर मात्र तशीच रिकामी. मायने कुणाला हात लावू दिला नव्हता.

"तुना बाबा तरी कवय येळवर उनात?" वेळेवर कधीच घरी न येणाऱ्या वडिलांबद्दल माय म्हणाली. "थांबतीन जराखा."

मी पाणी ओतलं आणि तेव्हा मनसोक्त रडले. भाऊ दाराशी उभा होता, तो आत आला नाही.

पाच दिवसांनी मला परत जायचं होतं. सासूबाईंनी दिलेला दिवस, तो चुकवून चालणार नव्हतं. अंगणात सायकल उभी, आणि तिला वडिलांचं जुनं लहान चक्र. आबांकडे जाऊन बदलून आणलं होतं. मी त्याला पुरतं चिडवलं, म्हटलं, आली का अक्कल ठिकाणावर. तो हसला. चढ आम्ही गप्पा मारत चढलो, मला एकदाही उतरावं लागलं नाही. संध्याकाळी मला दारात सोडून पाणी पिऊन तो लगेच वळला. इतकी घाई कशाची, हे मी विचारलंही नाही.

पुढच्या आखाजीला तो पुन्हा न्यायला आला, त्याच लहान चक्रावर. आम्ही दुपारच्या कितीतरी आधी पोहोचलो. देवघरापाशी वडिलांची घागर मांडलेली. एरवी घागरीखाली कापडाची चुंबळ असते. या वेळी खाली ते बावन्न दात्यांचं चक्र होतं, घासून लख्ख केलेलं. घागर त्यात अगदी नीट बसली होती.

"हाई आठे कसं?" मी मायला विचारलं. "रेसले नही का लावं?"

तेव्हा मायने सांगितलं. मला सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी धुळ्याची शर्यत होती. चक्र परत बदलायला वेळ कुठला? डोंगर उतरून तो तसाच धुळ्याला गेला आणि लहान चक्रावरच पळाला. पाय पंख्यासारखे फिरत होते आणि सायकल मागेच. सगळ्यात शेवटी आला. रस्त्याच्या कडेची माणसं पोट धरधरून हसली.

मी भावाकडे पाहिलं. तो डांगर पुसत बसला होता.

"चक्कर कामले ऊनं का नही, बाई?" तो म्हणाला.

मी तांब्या उचलला आणि घागरीत पाणी ओतू लागले.