पाहुण्याचं आवतन

आजवर ज्यांनी ज्यांनी म्हणून जग पाहायला घराबाहेर पाय काढला, त्या सगळ्यांत प्रवासाला सर्वांत नालायक माणूस निवडून त्याचा सत्कार करायचा झाला, तर तो आमच्या वरच्या खोलीत पाच महिने राहून गेलेल्या पाहुण्याचाच करावा लागेल. शाल आणि नारळ मी पदरमोड करून आणीन. सहा वर्षं हा गृहस्थ देशोदेशी फिरत होता आणि सहा वर्षांत प्रवासातली एक गोष्ट त्याला धड आवडली नव्हती. ऊन सोसत नसे, तिखट झेपत नसे, बसचा हॉर्न वाजला की बसल्या जागी दचकत असे, आणि गर्दीत कोणाचा खांदा लागला की लागलेल्याची माफी स्वतःच मागत असे. हा मूळचा फिनलंडचा. तिकडे लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली, आणि वय साठीच्या जरासं अलीकडे. "एवढा त्रास होतो तर फिरता कशाला?" असं मी त्याला एकदा इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "घरी मला कोणीच त्रास देत नाही." हा त्याच्या देशाचा मोठेपणा असेल, असं मला तेव्हा वाटलं.

तेलंगणातल्या आमच्या गावात तो चुकून आला. निर्मलला लाकडी खेळणी पाहून आदिलाबादला परतला, बसस्टँडवर भलत्याच बसमध्ये चढला आणि तलमडुगुच्या पुढे आमच्या फाट्यावर उतरला. मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर, मला थोडंफार इंग्रजी येतं असा गावाचा समज आहे, म्हणून लोकांनी त्याला माझ्या दारात आणून सोडलं. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलं हैदराबादला, वरची खोली रिकामीच होती. एका दिवसासाठी म्हणून ती दिली. कचेरीत त्याची नोंद करायला पुढे मलाच चार खेटे घालावे लागले. त्याचं नाव कोणाच्या जिभेला वळेना, तेव्हा तो साऱ्या गावाचा 'पाव्हना' झाला. एवढं मोठं जग सोडून इथेच का राहिलात, असं विचारलं तर सांगायचा, की बसमधून उतरल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सात जणांनी मला हाताने खूण करून जेवलास का म्हणून विचारलं.

आता हे 'जेवले का' म्हणजे आमच्याकडचं रामराम. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, आणि उपाशी माणूससुद्धा 'हो, आत्ताच' म्हणून पुढे जातो. पण खोटं बोलणं पाहुण्याच्या रक्तातच नव्हतं. तो खिन्नपणे "नाई" म्हणायचा. मग विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची आणि पाहुण्याला आत बसवून भाकर वाढावी लागायची. पहिल्या आठवड्यात एका दिवसात तो पाच घरी जेवला आणि पुढचे दोन दिवस माझ्या मोरीच्या आसपास राहिला. 'बरं हाय का?' या प्रश्नाचंही तेच. थांबून, हातातली पिशवी खाली ठेवून, झोप कशी लागली, पोट कसं आहे, डावा गुडघा काय म्हणतो, हे तो क्रमाने सांगू लागे. महिन्याभरात लोक त्याला लांबून पाहून वाट बदलू लागले. त्याच्या ते लक्षात आलं होतं. "गुरुजी, विचारते काऊन मग?" असं तो मला म्हणाला. मी त्याला मराठी शिकवायला घेतली होती, पण त्याच्या तोंडी बसली ती गल्लीची.

भाषेने तर त्याचे फारच हाल केले. आमच्याकडे कचेरीत तेलुगू, बाजारात व्यापाऱ्याशी हिंदी आणि घरात मराठी, हे कोणी शिकवत नाही, आपोआप होतं. पाहुण्याने त्याचा तक्ता करून भिंतीला लावला होता. तरी तो मंडल कार्यालयातल्या साहेबाला कांद्याच्या भावासारखं 'कितना?' विचारून यायचा. समोरच्या घरची बकरी जिन्यावर चढली की तिला तेलुगूत हाकलायचा. का, तर ती निर्मलच्या तेलुगू बाजारातून आणलेली होती.

रांगेचं दुःख निराळं. आपल्या पुढच्या माणसापासून तीन हात अंतर ठेवून उभं राहायचं, ही त्याची लहानपणापासूनची शिस्त. त्या तीन हातांत आमच्याकडे दोन माणसं आणि एक पोतं सहज मावतं. आदिलाबादच्या बसस्टँडवर त्याने एका दुपारी तीन बस सोडल्या आणि चौथीत मी त्याला मागून ढकलून चढवला. खोलीच्या दाराचाही असाच घोळ. कोणी न सांगता आत येतं म्हणून त्याने माझ्याकडून मोठ्या अक्षरात 'दार वाजवा' अशी पाटी लिहून घेतली. शेजारच्या शांताबाई वाटीत चटणी घेऊन आल्या, सरळ आत गेल्या, पाहुणा टॉवेलवर उभा होता, वाटी खाली ठेवली, मग पाटी आठवली म्हणून आतूनच दार दोनदा वाजवलं आणि निघून आल्या. पाहुण्याने दुसऱ्या दिवशी पाटी काढून टाकली.

आणि 'येतो' या शब्दाने त्याचा जो छळ केला, तो तर सांगायलाच नको. पंखा बंद पडला तेव्हा वायरमन म्हणाला, "आत्ता येतो." हा दोन दिवस दारात उभा. जेवायलासुद्धा हलेना, मधल्या वेळात तो आला तर काय, म्हणून. शेवटी त्याने स्वतःच पंखा उघडला आणि नीट करून टाकला. झालं, त्या दिवसापासून गल्लीतले पंखे, मिक्सर, पंप वरच्या खोलीत जमू लागले. एका पैशाला हात न लावता तो सारं दुरुस्त करून देई. आपापल्या वस्तूजवळ लोक बसून राहत, गप्पा मारत, बायकोचं काय झालं म्हणून विचारत. ती सोडून गेली आणि कुत्राही घेऊन गेली, हे तो प्रत्येकाला नव्याने सांगे आणि कुत्र्यापाशी आल्यावर जरा थांबे. त्या दिवसांत तो खुशीत असायचा. पण वस्तू चालू झाली की माणूस ती काखेला मारून निघालाच. एकदा शांताबाईंचा मिक्सर त्याने मुद्दाम चार दिवस लांबवला. मी विचारलं तर म्हणाला, "मिक्सर गेला का शांतामाय बी जाते." मला हसू आलं खरं, पण खाली येऊन एकट्याने ताट वाढून घेताना ते टिकलं नाही.

मार्चमध्ये त्याच्या व्हिसाची मुदत भरत आली. एके सकाळी तो खाली आला आणि म्हणाला, "गुरुजी, मी जेवण देतो." हे काय नवीन, म्हणून मी विचारलं. मग त्याने सांगितलं. पाच महिने तो साऱ्या गावात जेवला, पण त्याच्या खोलीत कोणी घास खाल्ला नव्हता. इथेच नव्हे, सहा वर्षांत कुठल्याच देशात नाही. जायच्या आधी एकदा माणसं आपल्याकडे जेवून गेली पाहिजेत, बाकी काही नको. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

मग आवतन कसं द्यायचं ते मी त्याला साग्रसंगीत शिकवलं. ताटात हळदीकुंकू आणि तांदूळ घ्यायचे, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, घरातल्या मोठ्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, रविवारी बारा वाजता आमच्याकडे जेवायला या. अकरा घरी तो असा गेला. अकरा घरांनी "येतो ना बा" म्हणून तांदूळ घेतले. बारावा मी. आवतन द्यायला तो जिना उतरून माझ्या दाराशीही ताट घेऊन उभा राहिला, तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. शांताबाईंनी त्याला वांग्याची भाजी आणि वरण शिकवलं. भाकरी मात्र त्याने कोणालाही थापू दिल्या नाहीत, शनिवारपासून तो एकटाच थापत बसला होता.

रविवारी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. इस्त्रीचा सदरा घातला आणि ओट्यावर बसलो. वर भांडी वाजत होती, पाट सरकत होते. बारा वाजले. साडेबारा झाले. एक वाजला. आता माझं डोकं तापायला लागलं. खाली तर राहतो, जिन्यावरून एक हाक मारायला याचं काय जातं? शांताबाईंनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "गुरुजी, बोलावणं आलं का?"

"नाही."

"आमाले बी नाई आलं. इचार बदलला का काय त्याचा?"

समोर पाहिलं तर साऱ्या गल्लीत ओट्याओट्यांवर माणसं धुतलेले कपडे घालून बसली होती आणि एकमेकांकडे पाहायचं टाळत होती. पोटात कावळे ओरडत होते, पण बोलावणं न येता उठून जाईल तो आमच्या गावचा कसला? दोन वाजून गेले. वरचे आवाजही थांबले. अडीचच्या सुमाराला मी उठलो, ते पाहुण्याला चार शब्द सुनवायचे म्हणूनच.

दार उघडंच होतं. भिंतीला लागून बारा पाट, बारा पत्रावळी, प्रत्येकीच्या कोपऱ्यात मीठ. पाहुणा एवढ्या उन्हात कोट घालून, केसांना तेल लावून कोपऱ्यात बसला होता. मला पाहून उठला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "कोणी नाई आलं, गुरुजी. होते असं. दुसऱ्या दोन देशात बी झालं."

माझा राग तिथल्या तिथे जिरला. त्याला सगळं शिकवलं आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं. आमच्याकडे आवतन दिलं की कामाचं अर्धंच झालं. पानं मांडली की यजमानाने पुन्हा घरोघर जाऊन 'चला, पानं वाढली' म्हणायचं असतं. ते बोलावणं. ते आल्याशिवाय माणूस उठत नाही, नाहीतर हावरा ठरतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून शिकवायचं असतं हेही सुचलं नाही. चूक सर्वस्वी माझी होती. मी त्याला ते कसंबसं समजावलं.

"म्हंजे ते घरी हाय?" त्याने विचारलं.

"घरीच आहेत."

"जेवले?"

"नाही. सगळे उपाशी बसलेत. तुमची वाट पाहून राहिलेत."

त्याचा विश्वास बसेना. तो गच्चीवर गेला आणि खाली पाहिलं. बराच वेळ पाहत होता. मग कोटासकट, अनवाणी, जिना उतरून जो सुटला तो थेट पहिल्या घरापासून. कुठे कोणती भाषा वापरायची हे न सुचून तो प्रत्येक दारात मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही बोलून पुढे जात होता. दहा मिनिटांत पंगत बसली. भाकरी वाळून कडक झाल्या होत्या, वरणात मीठ दोनदा पडलं होतं. पण त्या दिवशी जेवढं जेवले तेवढं ते लोक लग्नातही जेवले नसतील. शांताबाईंनी तिसऱ्यांदा भाजी मागून घेतली. पाहुणा मात्र बसला नाही. पानापानापुढे वाकून "पोट भरलं का?" विचारत होता, आणि या वेळी प्रत्येक जण थांबून उत्तर देत होता.

सगळे गेल्यावर तो उष्ट्या पत्रावळी गोळा करता करता मध्येच थांबला. "गुरुजी," तो म्हणाला, "त्या दोन देशात... ते लोक बी घरी बसून होते काय?"

तिकडे असली रीत नसणार, हे मला कळत होतं. तरी मी म्हणालो, "असतील बा. तुम्ही बोलवायला गेलाच नाहीत ना." त्याने मान हलवली आणि उरलेल्या पत्रावळी उचलल्या. आयुष्यात शाळेबाहेर मी जे काही खोटं बोललो असेन, त्यात मला एवढं एकच आवडतं.

दोन दिवसांनी फाट्यावर त्याला बसमध्ये बसवून दिलं. गल्लीतले बरेच जण आले होते. बस सुटायच्या आधी मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "या परत." त्याने डोकं बाहेर काढलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे आवतन हाय का बोलावणं?"

रीतीप्रमाणे आधी आवतन, मग बोलावणं. माझ्या तोंडून तेच गेलं. "आवतन," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "मंग मी वाट पाह्यतो."

त्याने दिलेला नंबर मी पुढच्याच आठवड्यात लावला, तो लागला नाही. प्रत्येक देशात तो नवं सिम घेतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून अधूनमधून लावून पाहतो. लागला की काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे, पण तो लागत नाही. आता तो कुठल्या देशात, कुठल्या खोलीत असेल कोण जाणे. मला एवढंच माहीत आहे की आमची रीत तो एकदा शिकला की ती मोडणारा नाही, आणि मी बोलावल्याशिवाय तो तिथून उठायचा नाही.