मागं कोन बसते?

डब्बेवाले काका गाण्यातला बेस, म्हणजे खालची धडधड, कानानं ऐकत नसत, तळहातानं ऐकत. नंदनवन भागातल्या त्यांच्या कार-ऑडिओच्या दुकानासमोर गाडी लागली की ते मागच्या सीटवर जाऊन बसायचे, गाणं लावायला सांगायचे आणि डोळे मिटून सीटच्या पाठीवर हात ठेवायचे. "कानाले काय, काहीबी गोड लागते. पाठीले इचारा," म्हणायचे. बेस वाजवणाऱ्या वूफर स्पीकरचा लाकडी डब्बा ते स्वतःच्या हातानं बनवत, म्हणून हे नाव.

डब्बा कुठे ठेवायचा हे ठरल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नसत. डिकीच्या या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, तोंड पुढे, तोंड मागे, असा तो अर्धा दिवस फिरायचा. गिऱ्हाइकं वैतागायची. "सून पसंत कराले इतका वेळ लागत नाही काका," असं एकानं म्हटलं, तर म्हणाले, "सून बोलून-चालून जमते गा. हा कोनाचं ऐकत नाही."

आणि त्याहीआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "मागं कोन बसते?" म्हातारं माणूस बसतं म्हटलं की डब्बा डिकीच्या पार टोकाला, तोंड डिकीच्या दाराकडे, म्हणजे पाठीला धक्के बसू नयेत. मग कितीही गयावया करा, ऐकायचे नाहीत.

मला हे ठाऊक होतं, म्हणूनच मी खोटं बोललो. पहिली गाडी होती. सिग्नलला थांबलं की शेजारच्यानं वळून बघावं, मित्रांच्या पाठीत धडधड व्हावी, एवढीच काय ती हौस. त्यासाठी डब्बा मागच्या सीटला चिकटून, तोंड पुढे करून हवा होता. "मागं कोणीच बसत नाही काका," मी सांगून टाकलं. घरी बाबा होते. कोळशाच्या खाणीत जन्म काढून सावनेरहून माझ्याकडे राहायला आलेले, आणि पुढे बसलं की पट्टा बांधावा लागतो म्हणून कायम मागेच बसणारे.

पहिल्याच आठवड्यात पारशिवनीला लग्नाला निघालो. वाटेत आरशात पाहिलं, तर बाबा छातीवर हात धरून बसलेले. "पाठीमागं सुरुंग उडून राहिले असं वाटते गा," ते म्हणाले. मी आवाज थोडा कमी केला. बंद केला नाही. परत येताना मात्र ते बसनं येतो म्हणून अडून बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच फर्मान काढलं, "चाल, दाखव मले तो मिस्त्री."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. बाबांनी मागची काच खाली केली आणि काकांना सरळ विचारलं, "काहून गा, मागं म्हातारा मानूस बसते काय, एवढं इचाराचं नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी माणसात जमा झालो असतो. पण वर मी म्हणालो, "हो ना काका, विचारायला पाहिजे होतं." आजही हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

"चुकलं बाबूजी," काका हात जोडून म्हणाले. "इचाराचं राहून गेलं." उभ्या असलेल्यांपैकी दोघं एकमेकांकडे बघून निघून गेले. काकांनी डब्बा काढून पार टोकाला नेला, मग बाबांच्या शेजारी बसून सीटच्या पाठीवर हात ठेवला. बाबा "आता बरं आहे" म्हणेपर्यंत उठले नाहीत.

पुढे बाबा सावनेरच्या ज्याला त्याला सांगत, "मिस्त्री हाताचा चांगला आहे, पन इचारत नाही. जाऊ नका त्याच्याकडे." ज्या माणसाचं सगळं कसब त्या एका प्रश्नात होतं, त्याची ही कीर्ती झाली. मी शेजारी बसून चहा पीत असायचो. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता बाबाच गेले.

गेल्या महिन्यात गाडी बदलली. पाय वळत नव्हता, तरी नंदनवनात गेलो. काका फार थकलेत. मला ओळखलं की नाही, ते कळेना.

"मागं कोन बसते?"

"आता कोणी नाही," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

"नक्की ना?"

मग मला राहवेना. सगळं बोलून टाकलं. बाबा गावभर काय सांगत होते, तेसुद्धा. "तुम्ही तेव्हा बोलले काहून नाही काका?"

ते डिकीत वाकून माप घेत होते. "बाबूजी गाडीत बसले होते ना गा. आपला पोरगा 'मागं कोनीच नाही बसत' म्हनून सांगून गेला, हे त्यायनं चार लोकायसमोर ऐकाचं होतं काय?"

त्यांनी मापाचा टेप गुंडाळून खिशात टाकला.

"शेवटपर्यंत त्यायले नाही ना समजलं?"

"नाही."

"मंग झालं," ते म्हणाले. मी काही न सांगताच त्यांनी डब्बा पार टोकाला सरकवला, त्याचं तोंड डिकीच्या दाराकडे फिरवलं, आणि रिकाम्या सीटच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटले.