एक सूत माया

सोसायटीने नोटीस लावली: जिन्याखालच्या न चालणाऱ्या सायकली रविवारी भंगारात जाणार. आमच्या बाबांची सायकल त्यात बसत होती. मागच्या चाकाच्या अर्ध्या तारा तुटल्या होत्या, उरलेल्या गंजल्या होत्या. आम्ही लालबागच्या चाळीत होतो तेव्हा याच सायकलवरून बाबा गिरणीत जायचे. नोटिशीसमोर उभे राहून ते फक्त "हं" म्हणाले. ते "हं" मला कळतं.

मी दुरुस्तीची कामं लिहून काढली. पहिलं, तारेचं माप. एक धड तार निवडली आणि वाकापासून टोकापर्यंत पट्टीवर मोजली. शेजारी आई ब्लाऊजला हेम घालत होती. चाळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिनेच शिवले होते.

"एक सूत माया धर," ती म्हणाली.

"आई, ही तार आहे. कापड नाही."

"कमी पडली तर जोड लावशील? तुझा एक तरी फ्रॉक कधी तोकडा झाला?"

नव्हता झाला. आमच्याकडे शिवणीसाठीची ही जादा माया सगळ्यालाच असते. पडदे जमिनीवर लोळतात, उशीच्या अभ्र्यात आणखी एक उशी मावेल. मी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त धरलं.

माटुंग्याच्या सायकलच्या दुकानदाराने विचारलं, "जुनी तार आणलीत नमुन्याला?"

"माप आणलंय," मी रुबाबात म्हटलं.

शनिवारी बाबांनी आणि मी चाक बांधलं. अगदी सरळ फिरलं. टायर चढवून हवा भरली आणि फट्ट! टायर काढून बघतो तर प्रत्येक तारेचं टोक रिममधल्या नटातून सूतभर वर आलेलं.

"खिळ्यांचं आसन झालंय," बाबा म्हणाले. "बसतेस?"

आईने मान वर केली नाही. "मग घासा की. जास्त आहे म्हणून घासता तरी येतंय."

संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीने कानस चालवली. मग नवी ट्यूब घातली.

रविवारी सेक्रेटरी भंगारवाल्याला घेऊनच आले. बाबांनी टांग मारली, आवारात झकास फेरी मारली आणि बरोब्बर सेक्रेटरींच्या पुढ्यात खाडकन थांबले.

"काका, चालते ना? मग थांबलात का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सायकल चालते. पँट चेनीत अडकलीय."

वरून गॅलरीतून आई ओरडली, "एवढी लांब पँट घालतात का सायकलवर?"

"शिवली कोणी?" बाबांनी खालून विचारलं.

पँट शेवटी भंगारवाल्यानेच सोडवली. सायकल जिन्याखाली परत गेली.